खिडकी उघडी ठेवून शिजवूया

रविवारी रात्री मेस बंद असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुणालाही या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी राहतो. अशाच एका रविवारी आमच्यातल्या वसईच्या मैत्रिणीनं फ्रीजमधून मसाला लावून ठेवलेला स्टीलचा डबा काढला, कुकर गॅसवर चढवला आणि पहिली शिट्टी व्हायच्या आधी दोन कामं केली. स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि उदबत्ती पेटवली.

मी विचारलं, "देवाला?"

ती म्हणाली, "नाही गं, शेजाऱ्यांना."

डब्यात पोर्क होतं.

हे सगळं सुरू झालं ते जिममुळे. आमच्यातल्या दोघींनी लो-कार्ब खायचं ठरवलं होतं. भात बंद, पोळी बंद, बटाटा तर नावसुद्धा काढायचं नाही. मग उरलं काय? उकडलेली अंडी आणि उकडलेलं चिकन. तिसऱ्या आठवड्यात चिकनचा डबा उघडला की पोटात कालवायला लागायचं. प्रोटीन पावडरचा डबा परवडत नव्हता, आणि ज्यांना परवडतो त्यांनाही तो काही आवडीनं पिताना मी पाहिलेलं नाही. तेव्हा ही वसईकरीण म्हणाली, "अगं, आमच्या घरी सणाला जे शिजतं ते लो-कार्बच असतं. फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही."

ती सांगत होती ते विंदालूबद्दल. वसई आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन घरांत त्यालाच इंद्याल म्हणतात. ईस्ट इंडियन म्हणजे पूर्वेकडून आलेले लोक नव्हेत, इथलेच मूळचे ख्रिस्ती. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं. विंदालूचं मूळ पोर्तुगीज आहे. वाइन किंवा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेलं मांस, असा त्या मूळ नावाचा अर्थ. त्यातला 'आल्यो' म्हणजे लसूण. आपण त्याचा 'आलू' करून टाकला आणि हॉटेलांनी त्यात बटाटे घातले. गोव्यातल्या किंवा वसईतल्या घरच्या विंदालूत बटाट्याचं काही काम नाही. म्हणजे एक चूक दुरुस्त केली की पदार्थ आपोआप लो-कार्ब होतो! लाल मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून आणली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. मिरची आणि हे मुरवणं मात्र राहिलं.

आता कृती. अर्धा किलो पोर्क, खांद्याचं, थोडी चरबी असलेलं. दुकानात 'करीसाठी' म्हटलं की ते तुकडे करून देतात. आम्ही घेतलं त्या दिवशी ते मटणाच्या जवळपास निम्म्या भावात मिळालं. मसाल्याला सात-आठ काश्मिरी मिरच्या, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा जिरं, सात-आठ मिरे, तीन-चार लवंगा, दालचिनीचा एक तुकडा आणि अर्धा चमचा हळद. मिरच्या चार मोठे चमचे व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवायच्या आणि सगळं त्याच व्हिनेगरमध्ये वाटायचं. पाणी घालायचं नाही. माडाचं व्हिनेगर मिळालं तर उत्तम, नाही तर साधं पांढरं चालतं, पण थोडं कमी घाला, ते जास्त तिखट आंबट असतं. मीठ आणि हे वाटण मांसाला चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. डबा काचेचा किंवा स्टीलचा हवा, अॅल्युमिनियमचा नको. आंबटाशी त्याचं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये एक चमचा तेलावर दोन कांदे लाल होईपर्यंत परतायचे, त्यात मांस घालून दहा मिनिटं हलवत राहायचं. चरबी सुटायला लागते, म्हणून तेल जास्त घालायचा मोह टाळा. अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, मध्यम आचेवर चार-पाच शिट्ट्या. वाफ गेली की झाकण उघडून रस्सा अंगासरशी होईपर्यंत आटवायचा. बस्स. घाई असेल तर लगेच खा, पण खरी चव दुसऱ्या दिवशी लागते. सोमवारच्या डब्याचाही प्रश्न सुटतो.

सोबत काय? आम्ही कोबीची कोशिंबीर केली, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून. दुसऱ्या वेळी नुसती परतलेली भेंडी. विंदालूच्या आंबट-तिखटापुढे दोन्ही छान लागतात आणि भाताची आठवण येत नाही. बरं, येते, पण निभावता येते.

आता थोडा हिशोब, कारण जिमवाले आकड्यांशिवाय ऐकत नाहीत. मांसात कार्ब्स जवळपास शून्य. या संपूर्ण कुकरमध्ये जे कार्ब्स आहेत ते कांदा, लसूण आणि मसाल्यांचे. तिघींत वाटले तर ताटाला साधारण दहा-बारा ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम असतात, आणि शंभर ग्रॅम भात म्हणजे आपल्या भुकेच्या मानानं दोन-चार घास. प्रोटीन कुठला भाग घेता त्यावर ठरतं. पाठीच्या कमी चरबीच्या मांसात शंभर ग्रॅमला वीस-एकवीस ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे चिकनच्या छातीच्या जवळपास. पोटाकडच्या भागात जेमतेम नऊ ग्रॅम प्रोटीन आणि पन्नास ग्रॅमच्या वर चरबी. रील्समध्ये कुरकुरीत दिसतो तो हाच भाग. तेव्हा लो-कार्ब म्हणजे कमी कॅलरी, असं समजू नका. शिवाय पोर्क हे लाल मांस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये बेकन, सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं, आणि लाल मांस त्याच्या खालच्या, 'संभाव्य' गटात. रोज उठून खायचा हा पदार्थ नाही. रविवारचा आहे. आणि ज्यांना मधुमेहाचं औषध सुरू आहे त्यांनी भात-पोळी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, रूममेटशी नव्हे.

"पण त्यात किडे असतात ना? मेंदूत जातात म्हणे!" हा प्रश्न तर येणारच. नीट समजून घेऊ. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून पट्टकृमीच्या अळ्या माणसाच्या पोटात जाऊ शकतात, आणि आतड्यात पट्टकृमी वाढू शकतो. मेंदूतला आजार मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्यानं होतो. ही अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून, मग घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून पसरतात. म्हणजे हा आजार आयुष्यात कधी पोर्क न खाल्लेल्या माणसालाही होतो. फॅमिली ग्रुपवर दरवर्षी फिरणारी 'कोबीतला किडा' ही गोष्ट त्यातूनच आलेली असावी. उपाय साधे आहेत. मांस परवानाधारक स्वच्छ दुकानातून घ्या, पूर्ण शिजवा (कुकर ते काम चोख करतो), हात धुवा, आणि आमच्यासारखी कोशिंबीर करणार असाल तर कोबीही नीट धुवा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अवघड आहे ती खिडकी.

फ्लॅट घेताना एजंटनं आम्हाला विचारलं होतं, "नॉनव्हेज खाता?" हो म्हटल्यावर तो म्हणाला, "अंडी चालतील. चिकन रविवारी. पण ते नको हां." 'ते' म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चौघींचं डिपॉझिट अडकलेलं असताना कोण विचारणार? वसईच्या मैत्रिणीला मात्र बरोबर कळलं. तिच्या घरी नाताळला, लग्नात, पाहुणे आले की जे शिजतं, त्याला इथे 'ते' म्हणतात. शहरात शिकायला आल्यावर ती सगळ्यात आधी खिडकी लावायला शिकली. आमची कोहिमाची रूममेट तर म्हणाली की पहिलं वर्षभर तिनं बांबूच्या कोंबांचं पोर्क केलंच नाही. तिनं चारदा खोली बदलली होती, पाचव्यांदा बदलायची ताकद नव्हती.

आणि हे फक्त वसई किंवा नागालँडचं दुखणं नाही. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१४ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. फँड्री हा डुकरासाठीचा कैकाडी शब्द. गावाला डुक्कर पकडायला जब्याचं कुटुंब लागतं आणि शाळेतली पोरं त्याच शब्दानं त्याला हिणवतात. त्यातला शेवटचा दगड आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ चं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याबद्दल ते लिहितात, आणि आपण लहानपणापासून ऐकलेल्या 'अन्न हे पूर्णब्रह्म'समोर एकच अक्षर जोडून प्रश्न उभा करतात : कुणाचं अन्न? मराठी पाककृतींच्या पुस्तकांत ज्यांची चूलच नाही, त्यांचं काय?

भाषेकडेच बघा ना. मॉलमधल्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर 'पोर्क' असतं, सातशे रुपयांना. वस्तीत तेच 'डुकराचं मटण' होतं आणि नाकाला रुमाल लागतो. मांस तेच, मिरची तीच. बदलतो तो खाणारा. मीही कॉलेजात येईपर्यंत 'शी' म्हणणाऱ्यांतलीच होते. आमच्या घरी कुणी तसं शिकवलं नव्हतं, पण कुणी थांबवलंही नव्हतं.

म्हणजे उद्यापासून सगळ्यांनी पोर्क खावं का? मुळीच नाही. आमच्यातली चौथी मुसलमान आहे. ती पोर्क खात नाही, आणि तिच्या भांड्यांना ते लागता कामा नये, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. वेगळा कुकर, वेगळी पळी, वेगळी घासणी, फ्रीजमध्ये खालचा कप्पा. शिजवण्याआधी तिला सांगायचं, झाल्यावर ओटा पुसायचा. तिनं तोंड वाकडं केलं नाही आणि आम्ही गृहीत धरलं नाही. याला ॲडजस्टमेंट म्हणतात. 'ते नको हां' याला ॲडजस्टमेंट म्हणत नाहीत. एकात समोर बसून बोलणं आहे, दुसऱ्यात डिपॉझिटची भीती.

म्हणून नवीन वर्षाला खोली शोधणाऱ्यांना एक सांगणं. करार करण्याआधी स्पष्ट विचारा : काय चालतं, काय नाही, आणि लिहून देणार का? उत्तर आवडलं नाही तर दुसरी खोली बघा, किंवा कळून-सवरून तीच घ्या. निदान नंतर उदबत्तीचा खर्च तरी वाचेल. आणि तुमचा रूममेट काही शिजवत असेल, तर नाक मुरडण्याआधी एकदा विचारा, हे काय आहे? खाल्लंच पाहिजे असं नाही. विचारलं तरी पुष्कळ.

गेल्या रविवारी आम्ही परत विंदालू केलं. मसाला मी वाटला, मिरच्या जरा जास्तच पडल्या. पहिल्या शिट्टीच्या आधी वसईकरीण सवयीनं खिडकीकडे गेली, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे उघडी." ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग परत येऊन कोबी चिरायला बसली. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय गं, कसला वास येतोय?" आम्ही सांगितलं. काकू क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "लसूण भरपूर घातलाय वाटतं."

पुढच्या रविवारी त्यांना कृती लिहून देणार आहोत. त्या करणार नाहीत, हे माहीत आहे. पण मागितली त्यांनीच.