शनिवारचा तास लिहिण्यालाच राहू द्या



आपल्या शाळेत दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला लेखन मंडळ भरते. मागच्या पालकसभेत काही पालक म्हणाले, की हा तास बंद करावा आणि त्या वेळात मुलांकडून पाढे आणि उदाहरणे करून घ्यावीत. गोष्टी लिहून कोणाचे पोट भरत नाही, असेही एक जण म्हणाले. पुढच्या सभेत याचा निर्णय होणार आहे. म्हणून मी माझे मत आधीच लिहून ठेवते. मतदान करायला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, पण मत असायला तेवढे थांबावे लागत नाही. माझे मत असे आहे, की हा तास बंद करू नये.

मंडळ नव्हते तेव्हा आम्ही निबंध कसा लिहीत होतो, ते आधी सांगते. 'माझा आवडता प्राणी' हा विषय आला, की सगळ्यांचा आवडता प्राणी गाय. गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात, दोन शिंगे असतात, एक शेपूट असते. हे सगळे निबंधाच्या पुस्तकातून नाहीतर दादाच्या मोबाईलमधून उतरवलेले. वर्गात मुले सत्तावीस आणि सत्तावीस वह्यांत गाय एकच! खरे पाहिले तर आमच्यातल्या निम्म्या घरी गायच नाही, शेळ्या आहेत. आणि ज्यांच्या घरी गाय आहे, त्यांची गाय पुस्तकातल्या गायीसारखी नाही. माझ्या एका मैत्रिणीची गाय तिच्या आजीशिवाय कोणालाच धार काढू देत नाही. आजी गावाला गेली, की तिच्या आईला आजीचं लुगडं अंगावर घेऊन गोठ्यात जावं लागतं. ही गोष्ट तिने मंडळात लिहून वाचली तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि गुरुजीपण हसले. ती पहिलीपासून आमच्या वर्गात आहे, पण ही गोष्ट आम्हांला माहीतच नव्हती. कारण तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून मला वाटते, लिहायला शिकवणे म्हणजे आधी विचारणे. नुसते 'लिहा' म्हटले तर मूल पेन्सिल चावत बसते. 'माझी आई' असा विषय दिला, की आम्ही सगळे 'माझी आई फार प्रेमळ आहे' असे लिहून मोकळे होतो. मंडळात गुरुजी तसा विषय देत नाहीत. ते विचारतात, काल संध्याकाळी तुझ्या आईच्या हातात काय होतं? मग एक जण सांगतो, विळा. एक जण सांगतो, लाटणं. एक जण सांगते, काही नव्हतं, ती भिंतीला टेकून बसली होती. गुरुजी म्हणतात, आता एवढंच लिही. पाचच ओळी झाल्या तरी चालतील, पण त्या दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाहीत अशा पाहिजेत.

मंडळाचा दुसरा नियम असा आहे, की आधी बोलायचे, मग लिहायचे आणि शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. काही पालकांना हे आवडत नाही. त्यांना वाटते, चुका तशाच राहतात. पण तसे नाही. भिंतीवर लावायच्या आधी आम्ही जोडीजोडीने बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासतो आणि पुन्हा चांगल्या अक्षरात लिहितो. मात्र पहिल्या ओळीपासूनच लाल पेन सुरू झाला, तर मूल घाबरून सोपे तेवढेच लिहिते. 'विहीर' शब्दात पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे ज्याला आठवत नाही, तो सरळ 'नळ' लिहून टाकतो. आणि आमच्या वस्तीला तर नळच नाही! शब्द शुद्ध झाला, पण गोष्ट खोटी झाली. आधी खरी गोष्ट कागदावर येऊ द्यावी. वेलांटी कुठे पळून जात नाही.

घरची बोली पण मंडळात चालते. कोणी 'माय म्हणली' असे लिहिले, तर गुरुजी ते खोडत नाहीत. ज्याच्या तोंडचे शब्द आहेत ते तसेच ठेवा आणि बाकीचे पुस्तकातल्यासारखे लिहा, असे ते सांगतात. याबद्दल त्यांनी आम्हांला बहिणाबाई चौधरी यांची माहिती सांगितली. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगाव जिल्ह्यात असोदे या गावी झाला. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरची माणसे यांनी ती गाणी कागदावर लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांची बोलीच ठेवलेली आहे. ती गाणी त्या वेळी कोणी लिहून घेतली नसती, तर बहिणाबाईंबरोबर तीही गेली असती.

आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांनाही जात्यावरच्या ओव्या येतात. पण त्या लिहून घेणारे घरात कोणी नव्हते. आता आपण आहोत. माझी आजी कागदावर अंगठा उठवते. तिच्या तोंडून मी सात ओव्या उतरवून घेतल्या आहेत. आजी आधी म्हणाली, "कशाला लिहिती गं ते, काय कामाचं हाय?" पण दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा तिने दारातच मला थांबवले आणि आठवी ओवी सांगितली. पाठ्यपुस्तकातली कविता मी पाठ करते, ते चांगलेच आहे. पण आजीची ओवी मी लिहिली नाही, तर ती कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही.

काही जणांना वाटते, भित्तिपत्रक हे भिंत सजवण्यासाठी असते आणि साहेब तपासणीला येणार असले म्हणजेच ते लावायचे असते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथे ते वसतिगृहाचेही काम पाहत. त्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हाताने लिहिलेले दैनिक चालवले होते. दैनिक म्हणजे रोजचे! आपले तर महिन्यातून एकदाच निघते, तरी आपल्याला दम लागतो. पुढे १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकातही राजा-राणी आणि राक्षस नाहीत. घरातल्याच गोष्टी आहेत. तरी ते पुस्तक वाचून मोठी माणसेसुद्धा डोळे पुसतात.

लिहिणे हे एकट्यानेच करायचे काम आहे असेही नाही. गुरुजींनी आम्हांला 'प्रिय बाई' या पुस्तकाबद्दल सांगितले. इटली देशात डोंगरात बार्बियाना नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथे लोरेन्झो मिलानी नावाचे पाद्री १९५४ साली आले आणि त्यांनी गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. त्यांतल्या काही मुलांना दुसऱ्या शाळेत नापास केलेले होते. १९६७ साली तिथल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला लांबलचक पत्र लिहिले. त्याचेच पुस्तक झाले आणि ते मराठीतही आले. त्या मुलांनी लिहिण्याची एक युक्ती काढली होती. ती मुले खिशात वही ठेवत आणि सुचेल तो विचार वेगवेगळ्या कागदावर लिहीत. मग सगळे कागद एकत्र मांडत. सारखे असतील ते काढून टाकत. जे एकमेकांजवळचे असतील त्यांचे गठ्ठे करत. एका गठ्ठ्याचे एक प्रकरण. मग जास्तीचे शब्द शोधून गाळत. शेवटी फार न शिकलेल्या माणसांना बोलावून वाचून दाखवत आणि त्यांना कळले का ते पाहत.

आम्ही मंडळात तसेच करून पाहिले. विषय होता पाणी. सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि शाळेच्या ओट्यावर मांडल्या. वारा होता म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर खडा ठेवला. 'पाणी म्हणजे जीवन' ही चिठ्ठी नऊ जणांची निघाली. त्यातली एक ठेवली आणि आठ काढून टाकल्या. मग गठ्ठे केले. एक गठ्ठा विहिरीचा, एक टँकरचा, एक भांडणांचा. एक गठ्ठा हापशावर नंबर लावण्याचा झाला. त्या गठ्ठ्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या मुलींच्या होत्या! मुलग्याची एकही नव्हती. गुरुजी त्या चिठ्ठ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. प्रार्थनेला उशिरा कोण येते आणि का येते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. तो लेख आम्ही मागच्या महिन्यात भिंतीवर लावला होता. तो वाचून निदान दोन घरी तरी आता भाऊसुद्धा सकाळी घागर घेऊन हापशावर जातो. पाढे पाठ केल्याने हे झाले नसते.

आता माझे सगळ्यांत महत्त्वाचे म्हणणे सांगते. आपल्या वर्गातली चार मुले दर वर्षी दसऱ्यानंतर आई-वडिलांबरोबर ऊस तोडायला जातात. हजेरीत त्यांच्या नावापुढे फुल्या पडतात. परत आल्यावर त्यांना सगळे विचारतात, 'अभ्यास किती बुडाला?' तिकडे काय पाहिलं, हे कोणी विचारत नाही. त्यांतला एक मुलगा वर्गात कधी हात वर करत नसे. यंदा जायच्या आधी त्याने मंडळात एक पान लिहिले. कोपी कशी बांधतात, पहाटे थंडीत आई-बाप फडात गेल्यावर लहान बहिणीला कोण सांभाळते, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावे लागते, हे सगळे त्यात आहे. आम्हांला साखर गोड लागते एवढेच माहीत होते. त्या दिवशी तो आमचा गुरुजी झाला. आता त्याची जागा रिकामी आहे, पण त्याचे पान याच भिंतीवर डाव्या बाजूला लावलेले आहे. पालकांनी ते जरूर वाचावे. तो परत येईल तेव्हा शनिवारचा तास नसेल, तर पुढचे पान त्याला कोण लिहायला सांगणार?

पालकांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मी म्हणत नाही. पाढे आले पाहिजेत. बाजारात हिशेब चुकला तर नुकसान होते. पण त्यासाठी रोज परिपाठानंतर दहा मिनिटे पाढे म्हणता येतील. आणि गणितातही शाब्दिक उदाहरणे असतात. बेरीज येते, भागाकार येतो, पण उदाहरणात काय विचारले आहे तेच कळत नाही, म्हणून कितीतरी मुले अडतात. जो रोज स्वतःचे वाक्य तयार करतो, त्याला दुसऱ्याचे वाक्य लवकर समजते. शिवाय ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा असला, की गावातली माणसे लिहिणारा शोधत फिरतात. उद्या आपली मुलेच असा अर्ज लिहितील. मग गोष्टी लिहून पोट भरत नाही असे कसे म्हणता येईल?

मंडळ चालवताना मात्र काही गोष्टी पाळाव्यात, असे मला वाटते. लिहिलेल्याला गुण देऊ नयेत. गुण आले, की पुन्हा सत्तावीस वह्यांत एकच गाय येईल. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायला लावू नये. काही गोष्टींना तात्पर्य नसते, त्या नुसत्या घडलेल्या असतात. मोठ्या माणसांनी मुलांचे लिखाण स्वतः लिहून देऊ नये. स्पर्धेचे भाषण घरच्यांनी लिहायचे आणि मुलाने पाठ करायचे, त्यात बक्षीस खरे कोणाचे? आणि वाचताना कोणी अडखळले तर हसू नये. गंमत असेल तिथे हसावे.

पालकहो, आज तुम्ही शाळेत आला आहात, तर ही भिंत पूर्ण वाचून जा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवू. त्यासाठी आम्ही चौघी इथे थांबणार आहोत. मग घरी गेल्यावर आपल्या मुलाला 'किती गुण पडले?' असे विचारण्याआधी 'आज काय लिहिलंस?' असे एकदा विचारून पाहा. त्यानंतर सभेत हात वर करा. माझे हे मत ज्यांना पटत नसेल त्यांनीही आपले मत लिहून द्यावे. ते आम्ही याच्या शेजारीच लावू.

एवढे लिहून मी माझे मत पूर्ण करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी