ऐब वर ठेवा

माळा आवरताना धाकट्याला त्याच्या लहानपणचे जी. आय. जो सापडले. हे पावणेचार इंची सैनिक अमेरिकेत १९८२ साली आले, सोबत मार्व्हलचं कॉमिकही. आपल्याकडे ते फनस्कूलने बनवले. काहींचे रंग अमेरिकी सैनिकांहून निराळे, म्हणून परदेशातले शौकीनही ते शोधतात.

एकाची कंबर निखळली होती. आतला रबरी छल्ला जुना झाला की तुटतो. धाकट्याने नवा बसवला, हरवलेल्या बंदुकीच्या जागी नकली दिली आणि विकायला काढताना लिहिलं, ‘सगळं मूळचं’.

“अम्मी, कोणाला कळणार आहे?”

मी त्याला धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजलं, व्यापारी म्हणाला. मग भिजलेलं लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विचारलं. फसवणारा आपल्यातला नव्हे, हेही बजावलं.

धाकटा गप्प बसला. मग त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं: छल्ला नवा, बंदूक नकली.

पैसे कमी आले. पण हलालचे आले.