सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

पर्यटनाची पदवी घेऊन आलेल्या उमेदवाराला मुलाखतीत छत्रपती संभाजीनगरची छोटी सहल आखायला सांगून पाहा. रविवारी मुक्कामी पोहोचणे, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, असा कार्यक्रम सहज पुढे येतो. कागदावर तो सुटसुटीत दिसतो. प्रत्यक्षात अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत आली, हे मात्र त्या उमेदवाराला तोंडपाठ असते.

अशा वेळी आपण महाविद्यालयांना दोष देऊन मोकळे होतो. अभ्यासक्रम जुने आहेत, हे खरेच. पण सुट्टीचा वार, फर्दापूरला गाडी सोडून पुढे बदलावी लागणारी बस, गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी डोली, हे वर्गात कळत नाही. ते ऑपरेशन्सच्या टेबलावर कळते. त्या टेबलाजवळ आपण इंटर्नला बसवतो का? बहुतेक ठिकाणी त्याच्या वाट्याला पासपोर्टच्या झेरॉक्स आणि चौकशीचे फोन येतात. दोन-तीन महिन्यांनी प्रमाणपत्र देऊन त्याची बोळवण होते.

कॉस्टिंगचेच घ्या. पस्तीस आसनी बसचे भाडे ठरलेले असते. प्रवासी चोवीसच आले तर माणशी खर्च कुठे जातो, टूर मॅनेजरची खोली कोणावर बसते, एकट्या प्रवाशाला जादा किती लावायचे, हा हिशेब एकदा स्वतः मांडला की मुलगा तयार होतो. शेंगेन व्हिसाच्या फाइलमध्ये विमा किमान ३०,००० युरोंचा आहे का आणि त्यात प्रवासाचे सगळे दिवस येतात का, हे त्याने स्वतः तपासले पाहिजे. ग्राहक मोबाइलवर स्वतःच तिकीट काढू लागल्यापासून नुसत्या तिकीट काउंटरची नोकरी आक्रसली आहे. आज माणूस लागतो तो गट सांभाळायला, बिघडलेला बेत सावरायला आणि ज्येष्ठांशी धीराने बोलायला.

आणि काम वाढते आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत. साल्हेरची चढण आणि सिंधुदुर्गची होडी यांचे वेळापत्रक एकाच साच्यात बसत नाही. पावसाळ्यात तर होड्याच थांबतात. किल्ला पायाखाली घातलेला, इतिहास नीट सांगणारा आणि इंग्रजीतही बोलू शकणारा पदवीधर आपल्याला हवा असेल, तर तो घडवण्याचा खर्चही आपणच उचलायला हवा. मोफत राबवून घेतलेली हुशार मुले पहिली संधी मिळताच बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये निघून जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून आमची सर्व सहल-संचालकांना कळकळीची विनंती: येत्या दिवाळीच्या सीझनला प्रत्येक इंटर्नकडे एक गट पहिल्या चौकशीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत सोपवा, अनुभवी माणूस त्याच्या पाठीशी ठेवा आणि महिन्याच्या महिन्याला विद्यावेतन द्या.