आवाज एक, निदाने तीन : तपासणीची मजुरी ठरवा

गाडी हे आज केवळ श्रीमंतांचे वाहन राहिलेले नाही. पाव पोहोचविणारा बेकरीवाला, कपड्यांचे तागे नेणारा व्यापारी, ग्रिल आणि शटर बसवायला जाणारा फॅब्रिकेटर, लग्नाची देगे वाहून नेणारा बावर्ची, या सर्वांचा धंदा चार चाकांवर उभा आहे. अशा गाडीतून एके दिवशी अनोळखी आवाज येऊ लागला की मालकाची झोप उडते. तो एका मिस्त्रीकडे जातो, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. तिघेही अनुभवी, तिघांचाही हात चांगला. तरीही तिघे तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. मालक गोंधळतो आणि शेवटी सगळे मिस्त्री लुटारू असतात असा शेरा मारून मोकळा होतो.

हा शेरा आम्हाला मान्य नाही. गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजातील हजारो हात गुंतलेले आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर, साकीनाक्यावर, जोगेश्वरीत कितीतरी उस्तादांनी या हुनरावर आपली घरे उभी केली. या धंद्याची बदनामी झाली तर नुकसान कोणाचे होणार, हे सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे, गाडीचे मालकही आपलेच व्यापारी बंधू आहेत. म्हणून हा प्रश्न मिस्त्री विरुद्ध मालक असा न पाहता धंद्याच्या रचनेतील दोष कुठे आहे, हे पाहणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

तिघांचे म्हणणे

आमच्या परिचयातील जोगेश्वरीच्या एका बेकरी व्यावसायिकाचे उदाहरण घेऊ. त्यांची छोटी व्हॅन आहे, मागच्या चाकांवर चालणारी. रोज पहाटे ती आरे कॉलनीतून मरोळकडे माल नेते. या व्हॅनमधून ताशी ४० किलोमीटरच्या वर वेग गेला की ‘घूं’ असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाज चढे, वेग उतरला की उतरे.

पहिल्या मिस्त्रीने गाडी गॅरेजसमोर उभी करून रेस दिली, गिअर टाकून पाहिले आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग गेले म्हणून सांगितले. दुसऱ्याने सिग्नलपर्यंत फेरी मारली आणि डिफरन्शियल उघडावे लागेल असा निर्णय दिला. तिसऱ्याने चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले आणि मागचे बेअरिंग बदलायला सांगितले. बेअरिंगचा खर्च सर्वांत कमी होता, म्हणून मालकांनी तेच काम करून घेतले. आवाज होता तसाच राहिला.

या तिघांपैकी कोणी खोटे बोलत होता काय? आम्हाला तसे वाटत नाही. प्रत्येकाने गाडी वेगळ्या स्थितीत ऐकली. एकाने उभी ऐकली, दुसऱ्याने गर्दीत ऐकली, तिसऱ्याने चाक रस्त्यावरून उचलून ऐकली. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाने, मालासहित, मोकळ्या रस्त्यावर गाडी कोणीच चालविली नाही. शिवाय ज्याचा हात ज्या कामात बसला आहे त्याला तोच दोष आधी दिसतो. गिअरबॉक्सचा कारागीर गिअरबॉक्सकडे बोट दाखवितो, यात नवल नाही.

आरेच्या रस्त्यावर

१९४९ साली दूधपुरवठ्यासाठी वसविलेली आरे कॉलनी उपनगरातील गाडीवाल्यांना दोन कारणांनी परिचित आहे. गोरेगावकडील द्रुतगती महामार्गापासून मरोळ-पवईकडे जाण्याचा हा जवळचा मार्ग, आणि झाडीमुळे शहराच्या मानाने शांत. पहाटेच्या वेळी येथे गाडीचा आवाज ऐकू येतो. महामार्गावर तो शेजारच्या ट्रकच्या आवाजात बुडून जातो. येथे वळणे आहेत, चढउतार आहेत, कुठे डांबर आहे, कुठे काँक्रीट. आवाज शोधणाऱ्याला याहून अधिक काय हवे? अर्थात येथे माणसांची वस्ती आहे, बिबट्यासह रानातली जनावरेही रस्त्यावर येतात. म्हणून चाचणीच्या नावाखाली गाडी पळविणे कदापि योग्य नाही. ४०-४५चा वेग पुरेसा आहे.

या व्हॅनसोबत आम्ही एका रविवारी पहाटे आरेतून फेरी मारली. चौथा मिस्त्री वयस्क होता. त्याने पाना हातात घेतलाच नाही. मागे पावाचे रिकामे क्रेट खडखडत होते, ते आधी उतरवून ठेवायला सांगितले. मग त्याने पुढील क्रमाने तपासणी केली.

प्रथम उभ्या गाडीत इंजिनाला रेस दिली. आवाज नाही. म्हणजे इंजिन, अल्टरनेटर आणि पट्टा यांच्यावरचा संशय कमी झाला. नंतर सपाट, मोकळ्या पट्ट्यावर ४५च्या वेगात क्लच दाबून गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये सोडली. इंजिन शांत झाले, आवाज मात्र तसाच. म्हणजे जे फिरते आहे ते चाकांबरोबर फिरते आहे. तिसऱ्या खेपेस एक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहिले. डिफरन्शियलचे दाते झिजले असते तर ओढ लागताना आणि ओढ सुटताना आवाजात फरक पडला असता. तो पडला नाही.

मग वळणे आली. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, उजव्या वळणावर डाव्या चाकांवर. बेअरिंग खराब असेल तर एका बाजूच्या वळणावर आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. येथे दोन्ही वळणांवर सारखाच. शेवटी डांबरावरून काँक्रीटवर गाडी आली आणि आवाजाचा सूरच बदलला. बेअरिंगला रस्ता डांबराचा की काँक्रीटचा, हे कळत नाही. टायरला कळते.

गाडी बाजूला घेऊन त्याने मागच्या टायरवर तळहात फिरविला. रबर सारखे झिजलेले नव्हते. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे पडले होते. त्याच बाजूच्या शॉकअपमधून तेल गळत होते. शॉकअप निकामी झाल्यामुळे चाक रस्त्यावर उड्या मारीत होते आणि टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजत होता. खात्रीसाठी मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे टाकले. आवाज पुढे आला! मागचे दोन्ही शॉकअप, चाकांची अलाइनमेंट आणि ते दोन टायर एवढ्यावर काम भागले. गिअरबॉक्स उघडला असता तर पैसा गेला असता, दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली असती, भाड्याच्या टेम्पोने माल न्यावा लागला असता आणि आवाज जिथल्या तिथे राहिला असता.

खरा दोष कुठे?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. या चौथ्या मिस्त्रीने सुमारे एक तास दिला. त्या तासाची मजुरी किती? चालू रीतीप्रमाणे शून्य. आपल्याकडे ‘जरा बघा ना, काय आवाज येतोय’ हे काम फुकट समजले जाते. मिस्त्रीची कमाई पार्टवरील नफ्यातून आणि पार्ट बसविण्याच्या मजुरीतून होते. म्हणजे जो तासभर डोके चालवून सांगतो की काही बदलण्याची गरज नाही, फक्त एक नट ढिला आहे, तो रिकाम्या हाताने घरी जातो. आणि जो पाच मिनिटांत अंदाजाने मोठे काम सांगतो त्याचा दिवस सार्थकी लागतो. अशा व्यवस्थेत अंदाजच वाढणार, तपासणी नाही. यात इमानदार माणसाची कसोटी आहेच. पण ज्या रीतीत इमानदारीमुळे रोज तोटा होतो ती रीतच बदलली पाहिजे.

डॉक्टर तपासण्याची फी घेतो, औषधाचे पैसे वेगळे. तो म्हणाला की औषधाची गरज नाही, तरी आपण फी देतोच. मग कारागिराच्या कानाची आणि अनुभवाची किंमत का नको? ज्याने वीस वर्षे गाडीखाली पाठ टेकवून ज्ञान मिळविले त्याचे ज्ञान फुकट आणि पार्ट मात्र पैशाचा, हा हिशेब व्यापाऱ्याला शोभणारा नाही.

यंत्राने सगळे होईल काय?

काहीजण म्हणतील की आता स्कॅनर आले, मिस्त्रीच्या कानाचे काय काम? स्कॅनर उपयुक्त आहे यात शंका नाही. सेन्सर, इंधन, इलेक्ट्रॉनिक बिघाड तो लवकर दाखवितो. पण शॉकअपचे तेल गळते आहे, टायरला चट्टे पडले आहेत, लिंक रॉडचा बुश गेला आहे, हे तो सांगत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर इंजिनाचा आवाज नाही. त्यामुळे टायर आणि बेअरिंगचे आवाज पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येतात. ऐकण्याचे हुनर जुने झालेले नाही.

परंतु यंत्राच्या बाबतीत छोट्या गॅरेजवर अन्याय झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजना अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने सहजासहजी मिळू दिली जात नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण छोट्या गॅरेजवाल्याची तक्रार खरी होती, हे त्या आदेशाने नोंदविले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने माहितीचे दालन सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. आपल्या गॅरेजवाल्यांपैकी कितीजणांनी ते उघडून पाहिले? चांगला स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर एका गल्लीतील चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून घेण्यास काय हरकत आहे?

आमच्या सूचना

गॅरेजवाल्या बंधूंना आमची विनंती अशी की तपासणीची मजुरी ठरवा आणि ती पाटीवर लिहा. दुरुस्ती आपल्याकडे होवो वा न होवो, मजुरी तेवढीच. तपासणीनंतर चार ओळींचा कागद द्या : आवाज कोणत्या वेगाला येतो, काय काय तपासले, काय आढळले, काय करावे. जुना पार्ट ग्राहकाच्या हाती द्या. आणि निश्चित कळले नसेल तर ‘अजून कळले नाही, उद्या पुन्हा ऐकू’ असे सांगण्यात कमीपणा मानू नका. शागीर्दांनाही पाना शिकविण्याआधी ऐकायला शिकवा. शक्य असेल त्याने मुलांना आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमालाही पाठवावे.

मालकांनी ‘आवाज येतोय’ एवढेच सांगून किल्ली फेकू नये. आवाज थंड इंजिनावर येतो की गरम, ब्रेक मारताना की वळताना, खड्ड्यात की सपाटीवर, रिकाम्या गाडीत की मालासहित, हे लिहून ठेवावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटक होत असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सलच्या जॉइंटवर संशय जातो. छोट्या खड्ड्यांत खटखट असेल तर लिंक रॉड किंवा बुशवर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर टाकून निघताना खालून ‘टण्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर. एवढे सांगितले तरी मिस्त्रीचे निम्मे काम हलके होते. मिस्त्रीला सोबत बसवून, आवाज येतो त्याच स्थितीत फेरी मारावी. मोठा खर्च सांगितला गेला तर ‘हे कोणत्या तपासणीवरून ठरविले?’ असा एकच प्रश्न शांतपणे विचारावा.

मात्र काही आवाजांना उद्याची वाट पाहता येत नाही. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, चाक डगमगणे, स्टिअरिंगमध्ये अचानक आलेला खडखडाट, किंवा तेलाचा लाल दिवा लागून इंजिनातून येणारी ठोक, यांपैकी काहीही झाले तर गाडी तेथेच थांबवावी. माल उशिरा पोहोचला तर चालेल.

लेखी कागदाचा फायदा दोघांनाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. कागद असेल तर फसलेल्या ग्राहकाला पुरावा मिळतो आणि प्रामाणिक मिस्त्रीला खोट्या तक्रारीपासून संरक्षण मिळते.

ग्राहक तपासणीचे पैसे देणार नाहीत, ही शंका आमच्याही कानावर आली आहे. सुरुवातीला काहीजण कुरकुर करतील, हे खरे. पण नको असलेले बेअरिंग बदलून ते आजही पैसे देतच आहेत, तेही अंदाजाचे. तेच पैसे तपासणीला दिले तर गाडी लवकर रस्त्यावर येईल आणि ग्राहक दुसऱ्या गॅरेजच्या शोधात फिरणार नाही. जोगेश्वरीच्या त्या बेकरीवाल्यांनी चौथ्या मिस्त्रीला तासाभराची मजुरी वेगळी दिली आणि आता आपल्या तिन्ही गाड्या ते त्याच्याकडेच नेतात. इतर व्यापारी बंधूंनीही पुढच्या खेपेस गॅरेजात गेल्यावर पार्टचा भाव विचारण्याआधी तपासणीची मजुरी विचारावी, एवढेच आमचे सांगणे आहे.