‘अज्ञात’ नावाचा आरोपी

सीमाबांधवांनो, आजचा लेख थोडा आपल्या लोकांवरही आहे. शेवटपर्यंत वाचा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला.

रात्री पावणेदोनला मामांचा फोन आला. "काच गेली बग. मी बरा हाय. घरात कुणाला सांगू नको."

मामा वीसेक वर्षं टेम्पो चालवतात. त्या रात्री बटाटा भरून बेळगावहून कोल्हापूरला निघाले होते. काकती मागे पडली, वंटमुरी घाट लागला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. डाव्या बाजूची, क्लीनर बसतो तिकडची काच फुटून आत आली. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा. गालावर, मानेवर, शर्टात काचेचे कण. मामांनी अंधारात गाडी थांबवली नाही. पुढे ढाब्याच्या उजेडात नेऊन लावली आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये सीटखाली शोध शोध शोधलं. दगड नाही, छर्रा नाही, काही नाही. नुसता काचेचा चुरा.

पोलीस ठाण्यात गेले. मामा कन्नड फर्डं बोलतात, त्यामुळे भाषेची काही अडचण नव्हती. तरी उत्तर मिळालं, "गिट्टी उडाली असेल. हायवेवर चालायचंच." मामांनी जोर धरला तेव्हा "ही आमची हद्द नव्हे" झालं. त्यावरही हलले नाहीत, तेव्हा एका कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. त्यात शब्द होता ‘अज्ञात’.

सकाळी सहाला आमच्या ग्रुपवर मामांच्या टेम्पोचा फोटो फिरत होता. खाली मजकूर: ‘मराठी गाडीवर भ्याड हल्ला!’ टेम्पोच्या मागे ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ असं मराठीत लिहिलंय, त्याला लाल गोल केलेला. मी वाचलं, रक्त तापलं आणि चार ग्रुपवर ढकललं. खरं सांगतो, एका सेकंदाचाही विचार केला नाही.

दुपारी त्याच मजकुराखाली कुणीतरी लिहिलं, ‘आता कोल्हापुरात केए पासिंगच्या गाड्या दिसू देत, मग बघू.’

आणि मामा त्या वेळी कुठे होते? कोल्हापुरात. माल उतरवून परत निघायच्या तयारीत. त्यांची गाडी कुठल्या पासिंगची? केए 22. बेळगावचा माणूस गाडी घेतो ती बेळगावच्या आरटीओत, त्याला मिळणार केए 22. चिक्कोडी-निपाणीकडच्याला मिळणार केए 23. म्हणजे मी ज्या मामांसाठी पेटून उठलो होतो, त्यांच्याच गाडीवर दगड मारायचं आवताण मी चार ग्रुपवर वाटून बसलो होतो.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, मी कुणाला बघितलंच नाही. तू कुणाचं नाव घ्यायलास?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा लेख.

हायवेवर काच फुटते तेव्हा दोन प्रकारची माणसं लगेच कामाला लागतात. एक म्हणतो, "गिट्टी असेल." दुसरा म्हणतो, "त्यांनीच केलं." दोघांनीही काच बघितलेली नसते. पहिल्याला फाईल बंद करायची असते, दुसऱ्याला राग काढायचा असतो. गाडीत बसलेल्या माणसाचं काय, हे दोघांच्याही लेखी नसतं.

आधी ‘गिट्टी’वाल्यांचं बघू. गाडीची पुढची काच आणि बाजूची काच वेगळी असते, हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पातळ थर. तिला दगड लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, पण काच जागेवर राहते. बाजूची काच टफन केलेली असते, ती फुटली की साखरेसारखे दाणे होऊन खाली येते. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी बहुतेक वेळा पुढच्या काचेवर बसते. रस्त्याच्या कडेच्या बाजूची काच आत येऊन पडली, तर पोलिसांनी चार प्रश्न विचारायला नकोत का? त्या वळणावर कडेला काय आहे? वर पूल आहे का? तासाभरात तिथून आणखी कुठल्या गाडीची तक्रार आली का? आत काही जड वस्तू सापडली का?

उलटंही खरं आहे, तेही सांगतो. टफन काच जुन्या टवक्यामुळे किंवा फ्रेममध्ये ताण आल्यामुळे कधीकधी आपोआपही फुटते. असं क्वचित होतं, पण होतं. एअरगनचा छर्रा लागला तरी ती पूर्ण विखुरते, मग भोक कुठे होतं तेही कळत नाही. म्हणजे नुसत्या फोटोवरून पोलिसालाही कळणार नाही आणि आपल्या ग्रुप अॅडमिनलाही कळणार नाही. त्यासाठी पंचनामा लागतो, काचेचा चुरा आणि गाडीत सापडेल ते जपून ठेवावं लागतं. ‘अज्ञात’ हा शब्द तपासाच्या शेवटी आला तर समजू शकतो. आपल्याकडे तो तपासाच्या आधीच येतो.

आता कुणी म्हणेल, सीमाभागात दगड कोण मारतो हे काय नव्याने शोधायचं? बरोबर आहे, विसरलो कुणीच नाही. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रक अडवल्या, दगड मारले, नंबर प्लेटींना काळं फासलं. दिवसाढवळ्या, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. त्या ट्रकवाल्यांनी सीमाप्रश्नावर भाषण केलं नव्हतं, नुसता टोल भरायला रांगेत उभे होते. त्याच दिवशी पुण्यात स्वारगेटला कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. 2025 च्या फेब्रुवारीत बाळेकुंद्रीला कर्नाटकच्या एसटीच्या कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गला आपल्या बेंगळुरू-मुंबई एसटीवर हल्ला करून ड्रायव्हरला काळं फासलं. इकडे महाराष्ट्रात पुन्हा कर्नाटकच्या बसना काळं. दोन्हीकडच्या एसटी बंद. आणि बेळगावच्या स्टँडवर कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

या सगळ्या घटनांत मार कुणी खाल्ला, यादी काढा. ट्रकवाला. बसचा ड्रायव्हर. कंडक्टर. बेळगावचा कंडक्टर काय आणि मुंबईचा ड्रायव्हर काय, दोघांचाही पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो. मंत्र्याच्या गाडीची काच यात कधी गेली का?

हे सगळे अज्ञात नव्हते. चेहरे दिसत होते, झेंडे दिसत होते. तेव्हा दोन्ही सरकारांना एकच प्रश्न: यातल्या किती जणांवर खटला उभा राहिला, किती जणांना शिक्षा झाली, आकडा सांगा. आणि ज्या ड्रायव्हरची काच गेली त्याला भरपाई किती मिळाली, तोही आकडा सांगा. ओळखीच्या माणसाला मोकळं सोडलं की पुढच्या वेळी अंधारात दगड उचलणाऱ्याला भीती कशाची वाटणार?

पण म्हणून वंटमुरी घाटातली प्रत्येक काच त्यांच्याच खात्यावर टाकायची? इथे मी थांबतो, कारण अशा घाईने काय होतं याचा दाखला जगात आहे.

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे. तिथे 2015 च्या ऑगस्टअखेरपासून दोन आठवड्यांत हायवेवरच्या 11 गाड्यांना काहीतरी येऊन लागलं. काहींना बंदुकीची गोळी, काहींना दुसरंच काही. फुटलेल्या काचेने एक 13 वर्षांची मुलगी जखमी झाली. लोक तो रस्ता टाळायला लागले. 18 सप्टेंबरला 21 वर्षांच्या एका तरुणाला अटक झाली आणि राज्याच्या गव्हर्नरने आरोपी सापडला म्हणून जाहीरही करून टाकलं. पुरावा काय, तर त्याने गहाण टाकलेलं पिस्तूल आणि गोळ्या जुळतात हा पोलिसांच्या लॅबचा अहवाल. पुढे बाहेरच्या तज्ज्ञाने तपासलं, तर त्या गोळ्या त्याच पिस्तुलातल्या असं ठाम म्हणता येईना. एप्रिल 2016 मध्ये खटला मागे घेतला गेला. पोरगा सात महिने तुरुंगात बसला. एवढी लॅब, एवढा पैसा असूनही घाईने हे केलं. आपण तर व्हॉट्सअॅपवर निकाल देतो.

त्याच अमेरिकेतली 1954 ची गोष्ट. सिअॅटल शहरात लोकांना गाड्यांच्या पुढच्या काचांवर बारीक खड्डे दिसायला लागले. पेपरात बातम्या आल्या तशा तक्रारी वाढल्या, तीन हजारांवर काचा गेल्या. कुणी म्हणे गुंड छर्रे मारतायत, कुणी म्हणे हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख. महापौरांनी थेट राष्ट्राध्यक्षांकडे मदत मागितली. तपासात निघालं काय? बहुतेक खड्डे जुनेच, रोजच्या खडी-धुळीचे. आजवर लोक काचेतून रस्ता बघत होते, घाबरल्यावर काचेकडे बघायला लागले. पण त्यांना हे कळलं ते कुणीतरी बसून काचा तपासल्या म्हणून. ठाण्याच्या दारातूनच कुणाला हाकलून दिलं असतं तर ती भीती कधी गेलीच नसती.

आपल्याकडे भीती आहे आणि तपास नाही. त्यामुळे जो तो आपापल्या रागाप्रमाणे आरोपी ठरवतो.

म्हणून मागणी काय ती सरळ मांडतो.

पोलिसांना: ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. ठाणेदाराने नकार दिला तर त्याच कलमात जिल्हा पोलीस प्रमुखांना लेखी कळवायची सोय आहे. चालत्या गाडीवर दगड मारणं म्हणजे नुसती काच फोडणं नव्हे, तो माणसाच्या जिवाशी खेळ आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 125 त्यासाठीच आहे. गुन्हा नोंदवा, काच जप्त करा, टोलनाक्याचं फुटेज पुसलं जायच्या आत मागवा. कोगनोळीला कॅमेरे आहेत, हत्तरगीला आहेत, हिरेबागेवाडीला आहेत. टोल कापताना प्रत्येक गाडी ओळखता येते, दगड पडला की कुणीच कसं दिसत नाही?

दोन्ही सरकारांना: 14 डिसेंबर 2022 ला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून समिती करायचं ठरलं. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण घाटातल्या वळणावर दिवे लावायला, रात्रीची गस्त ठेवायला, कोल्हापूर आणि बेळगावच्या पोलिसांनी महिन्याला एकत्र बसून या तक्रारी ताडून बघायला कोर्टाचा निकाल कशाला लागतो?

आणि आपल्याला. काच फुटली तर अंधारात थांबू नका, उजेडात थांबा. 112 किंवा हायवेचा 1033 नंबर लावा. वेळ आणि किलोमीटरचा दगड लिहून ठेवा. चुरा झाडून टाकायच्या आधी आतून-बाहेरून फोटो काढा. विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. ग्रुपवर टाकायचं तर जेवढं बघितलं तेवढंच टाका: कुठे, किती वाजता, कुठली काच. बघितलं नसेल तर कुणाचं नाव घालू नका.

आणि तिकडच्या गाडीवर दगड मारून इकडच्या माणसाचा सूड घेतला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बेळगावला येऊन आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेटी वाचाव्यात. सगळ्या केए 22. चालवणारे सगळे मराठी. हिरेबागेवाडीत आमची मागे लिहिलेली मराठी खुपते, कोल्हापुरात आमचा पुढचा नंबर खुपतो. आम्ही गाडी चालवायची तरी कुठे?

मी ते चारही मेसेज डिलीट केले. दोन ग्रुपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची वेळ निघून गेली होती, तिथे खाली लिहिलं की कुणी मारलं ते माहीत नाही, मी चुकलो. एकाने विचारलं, "घाबरलास काय?" होय, घाबरलोच. मामांची गाडी रस्त्यावर होती.

मामांनी नवीन काच बसवली, स्वतःच्या पैशाने. क्लीनर पोराच्या मानेवर खूण राहिलीय. पोलिसांकडे दिलेल्या त्या दोन ओळींची प्रत आम्ही जिल्हा पोलीस प्रमुखांना अर्जासोबत जोडून दिली आहे. पोच घेतली आहे. तुमच्यापैकी कुणाची या पट्ट्यात काच गेली असेल आणि कागद झाला नसेल, तर या आठवड्यात अर्ज करा. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, पन्नास अर्ज आले तर उत्तर द्यावंच लागतं.

मामा काल रात्री पुन्हा बटाटा घेऊन गेले. पोहोचल्याचा फोन पहाटे साडेतीनला आला. तोवर घरात कुणीच झोपलं नव्हतं.