ड्रेपरीतला आशिया

गॅदरिंगच्या आठवड्यात आपल्या कॉलेजात 'एशिया इव्हनिंग' होते हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांनी निदान मोमो तरी खाल्ले असतील. सात देश, दोन तास, एक डीजे. प्रत्येक देशाला स्टेजवर सहा मिनिटं, खाली एक टेबल, टेबलावर झेंडा आणि झेंड्याशेजारी खायला काहीतरी. साडेनऊला रेक्टर सर मेन स्विच बंद करतात आणि आशिया संपतो...

मागच्या वर्षी या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी केलं होतं. त्यामुळे पुढे जी काही टीका करणार आहे ती स्वतःपासूनच सुरू करते.

आमच्या मजल्यावर नेपाळची एक मुलगी राहते. माझ्याच वर्गात, सिव्हिलला. तिला नाव आहे, पण मजल्यावर सगळ्या तिला 'नेपाळ' म्हणूनच हाक मारतात. "ए नेपाळ, गीझर चालू है क्या?" वगैरे. (इथेही तिचं नाव देत नाही, पण ते तिनेच नको म्हटलं म्हणून.) कमिटीने तिला नाच करायला सांगितलं. ती म्हणाली, मला नाचता येत नाही. आम्ही म्हटलं, असं कसं, तुम्हां लोकांना तर उपजतच येतो! ड्रेपरीवाल्याकडून 'पहाडी लेडीज' नावाचा ड्रेस आणला. तो हिमाचलचा निघाला. तिकडच्या बायकांचा गुन्यू-चोलो वेगळा असतो हे तिला बघताक्षणी कळलं, आम्हाला कळायला वर्ष गेलं. ती काही बोलली नाही. पिना लावल्या आणि उभी राहिली. आणि मी माइकवर म्हटलं, "हिमालयाच्या कुशीतून आलेली ही परी..." हॉलमध्ये शिट्ट्या. मला वाटलं, काय लिहिलंय मी!

आता दुसरा सीन. यंदा दिवाळीनंतर डिझाइनच्या शीट्स पुऱ्या करायला आम्ही दोघी कॉमन रूममध्ये नाइट मारत बसलो होतो. कॉलमच्या डिटेलिंगमध्ये रिंगची टोकं 135 अंशांत आत वाकवलेली दाखवावी लागतात. आयएस 13920 मध्ये तसं दिलंय, व्हायवाला विचारतात, म्हणून आपण काढतो. पहिले चार हुक मी नीट काढले आणि बाकीचे सरळ नव्वदात उडवले. ती मात्र एकेक हुक सेट-स्क्वेअर लावून काढत होती. मी म्हटलं, "इतना कौन देखता है?" ती मान वर न करता म्हणाली, "मैं देखती हूँ।"

मग तिने सांगितलं. 25 एप्रिल 2015. ती तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. गाव सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना 7.8 चा भूकंप झाला. तिच्या शाळेच्या भिंती दगड-मातीच्या. वर्गाची मागची भिंत बाकांवर पडली, सगळ्या बाकांवर. पण बाक रिकामे होते. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि तो शनिवार होता. "शनिवार था, इसलिए हूँ," एवढंच ती म्हणाली. आजोबा मात्र घरात होते...

ज्या मुलीला आम्ही सहा मिनिटं नाचवलं, ती सिव्हिलला का आली हे दीड वर्षात आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. तिने मला विचारलं, "तू लातूर की है ना? वहाँ भी पत्थर-मिट्टी के ही घर थे ना?" किल्लारीबद्दल तिने वाचलं होतं. मी लातूरची. किल्लारी आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटर. आणि मला त्यावर सलग दोन वाक्यं बोलता येईनात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भूकंपाच्या धड्यात सॅन फ्रान्सिस्कोचा फोटो होता. रिश्टर स्केलची व्याख्या मला इंग्रजीत अजून तोंडपाठ आहे. माझ्या आजीचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळच, पण ती काही सांगायला लागली की "आजी, तेच ते नको गं" म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

दुसऱ्या दिवशी आजीला फोन केला. तासभर बोलली. 1993 ची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. 30 सप्टेंबरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. (दोन्ही वेळी चारच मिनिटं कमी, हे शीटच्या मार्जिनवर लिहून ठेवलंय.) "आमी पत्र्याखाली निजलो होतो म्हणून वाचलो बघ. माळवदाखालचं कुणी निघालं न्हाई." एवढं सांगून ती गप्प झाली, आणि मग मला विचारलं, "तुला आज कसं काय आठवलं?" काय उत्तर देणार? नेपाळच्या मुलीने आठवण करून दिली, असं सांगितलं.

मग आम्ही दोघींनी लायब्ररीत बसून दोन्ही भूकंप शेजारी-शेजारी मांडले. किल्लारी 6.2, नेपाळ 7.8. कागदावर फरक दीडेकाचा दिसतो, पण ऊर्जेच्या हिशेबात नेपाळचा भूकंप सुमारे अडीचशे पट मोठा. आणि तरी बळी? दोन्हीकडे आठ-नऊ हजारांच्या घरात. कारण भिंत तीच होती! बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि खडी. दोन्ही थरांना बांधणारा, आरपार जाणारा दगड नाही. खिडक्या-दारांच्या वरून घरभर फिरणारा सलग पट्टा नाही. किल्लारीकडे त्यावर पुन्हा मातीच्या माळवदाचं ओझं. हादरा बसला की दोन थर एकमेकांना सोडतात, एक आत पडतो, एक बाहेर. 135 अंशांच्या हुकाचंही तेच. बाहेरचं काँक्रीट फुटलं की नव्वदातला हुक उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळया वाकतात आणि कॉलम जातो. थोडक्यात काय, बांधणारं काहीतरी हवं. हे मला व्हायवासाठी पाठ होतं. कळलं त्या दिवशी.

आता मुद्द्यावर येते. आपल्या 'एशिया इव्हनिंग'मध्ये असं काही कळायला जागाच नाही. आणि हे पुण्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण पुण्याला आशिया नवा नाही आणि व्याख्यान तर त्याहून नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षांची झाली. बाहेर एप्रिल-मेचं ऊन आणि आत वक्ता बोलतोय, लोक ऐकतायत. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी असेच एक प्रश्न घेऊन घराबाहेर पडले होते. बुद्धाने नेमकं काय सांगितलं ते त्यांना मुळातून वाचायचं होतं. पुणे, काशी, मग नेपाळ, 1902 मध्ये श्रीलंका, पुढे ब्रह्मदेश. खिशात पैसे नाहीत, हातात डिग्री नाही. तिकडून पाली शिकून आलेला हा माणूस 1912 पासून फर्ग्युसनमध्ये ती शिकवायला लागला. म्हणजे एफ.सी. रोडवर आपण कपडे घ्यायला जातो तिथेच शंभर वर्षांपूर्वी श्रीलंका आणि ब्रह्मदेश वर्गात येऊन बसले होते, आणि ते काही झेंडा लावलेल्या टेबलावरून आले नव्हते.

आणि आज? सिंहगड रोडवर 2006 साली पुणे-ओकायामा मैत्री उद्यान झालं. जवळजवळ माझ्याच वयाचं. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. नाव दिलंय पु. ल. देशपांड्यांचं, ज्यांनी 'पूर्वरंग'मध्ये जपानबद्दल लिहिलंय. आपण तिथे काय करतो? पुलावर उभं राहून फोटो काढतो. मीही काढलेत, उगाच खोटं कशाला बोलू. जपानीच्या क्लासला अर्धं हॉस्टेल जातं. डिसेंबरची जेएलपीटी जवळ आली की मेसच्या भिंतींवर कांजीचे कागद चिकटतात. त्यात वाईट काही नाही, घरी लोन आहे, नोकरी हवीच. पण गेल्या वर्षी गावातल्या एका कार्यक्रमाला आम्ही सात-आठ जणी गेलो होतो. जपानहून आलेले एक वयस्कर गृहस्थ बागांवर फार सुंदर बोलले. सगळी सभा ज्येष्ठ नागरिकांनी भरलेली, शेवटच्या रांगेत आम्ही. प्रश्न विचारा म्हटल्यावर आमच्यातल्या एकीने विचारलं, "सर, फ्रेशर्सना घेतात का?" सगळे हसले, तेही हसले. हॉस्टेलकडून आलेला तो एकमेव प्रश्न. ओकायामाच्या शेजारच्याच प्रांतात कोबे आहे. तिथे 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. वर्गात कोबेच्या पडलेल्या पुलांचे फोटो बघितलेल्या सिव्हिलच्या आम्ही तिघी तिथे होतो. ते सगळं पाहिलेल्या पिढीतला माणूस समोर उभा होता आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

सुचलं नाही, कारण सवय नाही. आपल्याला आशिया एकतर ड्रेपरीत भेटतो नाहीतर पॅकेजमध्ये.

म्हणून सांस्कृतिक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडणार आहे. सात देशांची एक संध्याकाळ करण्याऐवजी वर्षाला चार संध्याकाळी करू या. एका वेळी एक देश, एक वक्ता. वक्ता बाहेरून आणायची गरज नाही, तो आपल्याच मेसच्या रांगेत ताट घेऊन उभा आहे. जागा कॉमन रूम. पाऊण तास बोलणं, पाऊण तास प्रश्न. हिंदी, मराठी, मोडकं इंग्रजी, काहीही चालेल. हॉस्टेलच्या मागच्या सोसायट्यांतल्या आजी-आजोबांना आमंत्रण द्यायचं. आपण आलो नाही तरी ते नक्की येतील, आणि प्रश्न कसे विचारतात तेही आपल्याला दाखवतील. आपल्या गेटवरच्या काकांनाही खुर्ची द्यायची. तेही नेपाळचेच आहेत आणि त्यांना सगळे 'बहादूर' म्हणतात. ते त्यांचं नाव नाही. मी विचारून आले.

यावर काय आक्षेप येणार ते माहीत आहे, कारण रूममध्ये सगळे येऊन गेलेत. पहिला, "नाचाला चारशे येतात, भाषणाला चाळीस येतील." येऊ देत की! चारशेतल्या किती जणांना आज एक तरी गोष्ट आठवते? आणि नाच नकोच असंही नाही. वरच्या मजल्यावरच्या भूतानच्या मुलीला नाच मनापासून आवडतो, तिने जरूर करावा. नाचता येत नाही म्हणणारीला नाचवू नये, एवढंच.

दुसरा आक्षेप ऑफिसकडून येईल. कुणी राजकारणावर बोललं तर? तर प्रश्न विचारू. इंजिनिअर आहोत, प्रश्नाने कुणाला शॉक बसत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करून गेला, आणि तो तिनेच घेतला. प्रस्तावाचा कागद वाचून ती म्हणाली, "आधी तुम्ही मला परीचा ड्रेस घातलात, आता भूकंपाचा घालणार का?" खरं आहे. ज्याच्या देशात काही वाईट घडलंय त्याला उभं करून तेच सांगायला लावणं हीसुद्धा ड्रेपरीच. म्हणून प्रस्तावात एक ओळ वाढवली आहे. विषय वक्त्यानेच ठरवायचा. बॉइज हॉस्टेलमधल्या येमेनच्या मुलाला मी विचारलं, तर त्याला युद्धावर बोलायचं नाही, कॉफीवर बोलायचंय. आपण कॅन्टीनमध्ये जी 'मोका' म्हणून पितो ते त्यांच्या बंदराचं नाव आहे, तिथून एकेकाळी कॉफी जगभर जायची. मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

आणि ती? ती पहिल्या संध्याकाळी बोलायला तयार झाली आहे. विषय तिने स्वतः निवडला, 'दगड-मातीचं घर'. पण एक अट घातली. तिच्यानंतर मी उभं राहून किल्लारीबद्दल बोलायचं. तिचं म्हणणं, नुसतं पाहुण्यानेच सांगत राहायचं आणि यजमानाने टाळ्या वाजवायच्या हे बरोबर नाही. मी म्हटलं, इंग्रजीत चालेल का? तर म्हणाली, सोसायटीतल्या आजींना कळेल अशा भाषेत बोल.

तर सध्या मी मराठीत भाषण लिहितेय. कॉन्व्हेंटचं मराठी, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आजी फोनवरून दुरुस्त करते. किल्लारी आणि आसपासची 52 गावं नव्या जागी वसली, तिथल्या घरांचं आज काय झालंय हे बघायला सुट्टीत जाणार आहे. येताना काही फोटो आणीन.

बैठकीत प्रस्ताव पडला तरी आम्ही दोघी बोलणार आहोत, कॉमन रूममध्ये, शीट्स पसरतो त्याच टेबलाजवळ. जरूर या. मोमो मिळणार नाहीत. प्रश्न घेऊन या.

— टी.ई. सिव्हिल, मुलींचे वसतिगृह