आकाशातून पडलेला कोट

नवं, जरा महागडं जॅकेट घालून कधी ऑफिसला गेलायत? ‘काय बॉस, इन्क्रिमेंट झालेलं दिसतंय!’ इथून सुरुवात होते आणि लंचपर्यंत तुमचं एक अफेअरही जुळवलेलं असतं. आता समजा, ते जॅकेट तुम्ही घेतलेलंच नाही. ते वरून थेट तुमच्या डोक्यावर पडलंय!

‘ईझी लिव्हिंग’ (१९३७) या हॉलिवूडच्या स्क्रूबॉल कॉमेडीत मेरी स्मिथचं अगदी हेच होतं. न्यूयॉर्कचा बडा बँकर जे. बी. बॉल बायकोच्या खरेदीवर भडकतो आणि तिचा ५८,००० डॉलर्सचा फर कोट गच्चीवरून भिरकावतो. खालून उघड्या डबलडेकरमधून मेरी (जीन आर्थर) चाललेली. हॅटची पार वाट! ती प्रामाणिकपणे कोट परत करायला जाते, तर साहेब म्हणतात, राहू दे तुलाच. वर नवी हॅटही घेऊन देतात.

झालं! मुलांच्या मासिकात काम करणाऱ्या पोरीकडे असला कोट? ऑफिसवाले काय समजायचं ते समजतात आणि नोकरी जाते. डबघाईला आलेला एक हॉटेलवालाही तेच समजतो. पण तो तिला चक्क आलिशान स्वीट देतो. गैरसमज एकच, हिशेब वेगळे. मेरीला कुणी काही विचारतच नाही.

त्या महालात फ्रिज मात्र रिकामा. मग कोट घालून, मोजकी नाणी घेऊन मेरी ऑटोमॅटमध्ये जाते. इथे नाणं टाकलं की छोटं दार उघडून खाणं मिळतं. तिथे नोकरी करणारा बॉलचाच मुलगा (रे मिलंड) तिला फुकट खायला द्यायला जातो, मारामारी होते, सगळी दारं फटाफट उघडतात आणि लोक तुटून पडतात. आपण पोट धरून हसतो. मग आठवतं, हा मंदीचा काळ. ती भूक खोटी नव्हती.

दिग्दर्शक मिचेल लायसन, लेखक प्रेस्टन स्टर्जेस. त्या वर्षीचं दिग्दर्शनाचं ऑस्कर ‘द ऑफुल ट्रूथ’ या दुसऱ्या स्क्रूबॉलला गेलं. १९४०पासून स्टर्जेस स्वतःच दिग्दर्शन करू लागला आणि त्याचे ते सिनेमे गाजले. ‘ईझी लिव्हिंग’ मात्र मागे पडला.

या वीकेंडला बघाच. आणि सोमवारी ऑफिसात कुणी नवं काही घालून आलं, तर लगेच स्टोरी रचू नका. आधी विचारा तरी, कुठून पडलं?